लेव्हल केलेल्या व्ही-क्रॉसला मोठे टायर: पत्रा न कापता कुठवर जाता येईल?

राजापूरकर, मुलुंड

नमस्कार मंडळी. माझ्याकडे इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे, फोर-बाय-फोर. सेकंडहँड घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने पुढच्या दोन्ही स्ट्रटवर (स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीवर) स्पेसर, म्हणजे जाड चकती, बसवून गाडी लेव्हल केलेली होती. पिकअपचं नाक खाली आणि शेपूट वर दिसतं ना, ते आता एका रेषेत आलंय. बाकी सगळं कंपनीचं आहे. टायर २५५/६० आर १८ (रुंदी २५५ मिमी, साइडवॉलची उंची तिच्या ६० टक्के, रिम १८ इंची), रिमची रुंदी साडेसात इंच, रिमच्या आतल्या बाजूला ईटी ३३, म्हणजे ऑफसेट ३३ मिमी, असं कोरलंय. टायर पार उतरलेत, पावसाळ्याच्या आत बदलायलाच हवेत.

आठवडाभर गाडी मुलुंड-ऐरोली-महापे एवढीच फिरते. पण घेतली ती गावासाठी. राजापूरला सड्यावर आमची हापूसची कलमं आहेत. तिथं जायचा शेवटचा टप्पा उघड्या कातळावरून आहे. जांभ्याच्या कडा, मधूनमधून पाण्याने पाडलेले चर, आणि सीझनला मागे पेट्या भरून तीच वाट उतरायची. म्हणून या वेळी ऑल-टेरेन टायर घालावेत आणि जमलं तर थोडी उंचीही मिळवावी असं डोक्यात आहे.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन दुकानांत विचारून आलो. एक म्हणाला, "गाडी उचललेलीच आहे, २८५/६० डोळे झाकून घाला, कुठेच लागणार नाही." दुसरा म्हणाला, त्यासाठी नऊ इंची रिम घ्यावी लागेल आणि पुढच्या बंपरचा कोपरा कापावा लागेल. दोघांचं एकमेकांशी जुळत नाही. मला पत्रा कापायचा नाही, बंपरही नाही. आई गावाला याच गाडीतून जाते, त्यामुळे गाडी रस्त्यावर भरवशाची राहिली पाहिजे हे पहिलं. कुठला साइज झेपेल? रिम बदलावी लागेल का? आणि स्टेपनीचं काय करायचं?


कातळवाट, डोंबिवली

माझी पण व्ही-क्रॉस, पण लेव्हल केलेली नाही. २६५/६० आर १८ ऑल-टेरेन कंपनीच्याच रिमवर घातलेत. कुठेही घासत नाहीत, माळशेजला दोन माणसं आणि सामान घेऊन गेलो तरी नाही. त्याच्यापुढचं मला माहीत नाही.


पाना अठरा, भांडुप

राजापूरकर, मी अलाइनमेंटच्या खड्ड्यात उभं राहून आयुष्य काढलंय, त्यामुळे थोडं लांबण लावतो. तू पैसे देण्याआधी विचारलंस ते उत्तम केलंस.

पहिल्या दुकानदाराचं वाक्य तपासू. "गाडी उचललेली आहे म्हणून लागणार नाही." हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय, आणि यानेच लोकांचे पैसे जातात. स्पेसर स्ट्रटच्या डोक्यावर बसतो. वीस मिलिमीटरचा स्पेसर टाकला तर चाकापाशी गाडी जवळपास दुप्पट उचलली जाते, कारण स्ट्रटचं खालचं टोक लोअर आर्मच्या मध्यात कुठेतरी धरलेलं असतं. उभ्या गाडीत टायर आणि मडगार्ड यांच्यात मोकळी जागा दिसते ती यामुळे. पण सस्पेन्शन कुठवर दबायचं ते अडवणारा बंप स्टॉपचा रबर होता तिथेच आहे. खड्ड्यात चाक आपटलं, सस्पेन्शन पूर्ण दबलं, की टायर मडगार्डच्या आत तेवढाच वर जाणार जेवढा आधी जात होता. स्पेसरने उभ्या गाडीची उंची बदलते, दबलेल्या गाडीतली जागा बदलत नाही. शोरूमच्या फरशीवर बोटं घालून जागा मोजणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

आता टायर लागतो कुठे? वर फार क्वचित लागतो. लागतो तो चाकाच्या मागे, खालच्या बाजूला, जिथे लायनर (मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर), मडफ्लॅप आणि केबिनचा पत्रा एकत्र येतात. आणि पुढे बंपरच्या आतल्या कोपऱ्याला. दोन्ही ठिकाणी स्टेअरिंग वळवल्यावर. चाक वळतं ते वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून जाणाऱ्या रेषेभोवती. दाराची फळी बिजागरीपासून जितकी रुंद, तितकं तिचं बाहेरचं टोक मोठा फेरा घेतं, तसंच इथे. टायर त्या रेषेपासून जितका बाहेर, तितका त्याचा खांदा मागे-पुढे जास्त जागा झाडत जातो.

हे ध्यानात ठेवून दुसऱ्या दुकानदाराची नऊ इंची रिम बघ. समजा तिचा ऑफसेट शून्य आहे, बाजारातल्या दिखाऊ रिमांचा बऱ्याचदा तसाच असतो. (ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यापासून नट आवळायची बाजू किती बाहेर ते; तो जितका कमी, तितकं चाक बाहेर.) तुझी साडेसातची रिम, ऑफसेट ३३. रुंदी दीड इंच वाढली, त्यातली अर्धी बाहेर, म्हणजे १९ मिमी. वर ऑफसेटचे ३३. एकूण बाहेरची कड ५२ मिमी बाहेर सरकली. पाच सेंटिमीटर! टायरची उंची तीच ठेवली असती तरी ही रिम बंपरला लागली असती. म्हणजे बंपर कापायला लावणारी ती रिमच आहे, आणि दोष मात्र टायरला मिळतो.

आणि ती रिम तो का सुचवतोय? २८५/६० आर १८ ला साधारण ८ ते १० इंची रिम लागते. तुझी साडेसातची. पहिला दुकानदार हे बोललाच नाही. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर त्याची साइडवॉल आत दाबली जाते, मधला पट्टा फुगतो, मधूनच झिजतो, आणि घाटातल्या वळणावर गाडी अंगावर आल्यासारखी वाटते. आईला घेऊन जाणाऱ्या गाडीत मी हे करणार नाही.

आता साइजचा हिशेब. २५५/६० आर १८ चा व्यास ७६३ मिमी. २८५/६० चा ७९९. २६५/६५ आर १८ चा ८०२. बघ, २६५/६५ हा २८५/६० पेक्षा तीन मिमी उंचच आहे, पण रुंदीला वीस मिमी कमी. उंची हवी असेल तर ती साइडवॉलमधून घे, रुंदीतून नको. रुंदीने घासणं वाढतं, पाण्यात टायर तरंगायची भीती वाढते, डिझेल वाढतं. कातळावर तुला तिचा उपयोग नाही. वाळूत आणि चिखलात असतो, तिथे तू जात नाहीस. कातळवाट यांचा २६५/६० आहे ७७५ मिमीचा, म्हणून तो बिनबोभाट बसतो.

व्यास वाढला तरी जमिनीपासूनची उंची निम्मीच वाढते हेही लक्षात घे. २६५/६५ ने १९ मिमी. २६५/६० ने सहा. आणि मला विचारशील तर जांभ्यावर टायर वाचतो तो जाड साइडवॉलने, चांगल्या ट्रेडने (रस्त्याला लागणाऱ्या नक्षीने) आणि बेताच्या हवेने. मिलिमीटरने नाही.

आता तू एवढं कर. गाडी सपाट जागी उभी कर, स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. दोन्ही वेळा टायरच्या मागच्या खांद्यापासून सगळ्यात जवळचं जे काही असेल, लायनर, क्लिप, मडफ्लॅपचा स्क्रू, तिथपर्यंतचं अंतर मोज आणि इथे टाक. पुढच्या दोन्ही चाकांना, मागे आणि पुढे बंपरकडेही, म्हणजे चारही कोपऱ्यांवर. हाताने चाचपड, नुसतं डोळ्याने बघू नकोस. डावी-उजवी बाजू सारखी निघाली नाही तर घाबरू नकोस, पण सांग.


घोडबंदर हायलक्स, ठाणे

वरच्या पोस्टला दुजोरा, आणि हायलक्सच्या अनुभवावरून भर. आमच्याकडे मूळचाच २६५/६० आर १८ येतो. मी मोठा घातला तेव्हा लागायचा तो मागच्या खालच्या बाजूला, केबिनच्या माउंटिंगला. मेटलला मेटल नव्हे, पण रबरावर काळी चकाकी आली होती. उपाय निघाला अलाइनमेंटमध्ये. गाडी पुढून उचलली की कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे कललेला कोन) कमी होतो, स्टेअरिंग हलकं आणि उडतं लागतं, वळून सरळ व्हायला आळस करतं. हायलक्समध्ये लोअर आर्मला कॅम बोल्ट (फिरवले की आर्म सरकवणारे) आहेत. त्यांच्यावर कॅस्टर परत वाढवला की चाक किंचित पुढे सरकतं. मागची जागा मोकळी होते आणि स्टेअरिंगही सुधारतं, एका कामात दोन्ही. पण अलाइनमेंटवाला फक्त टो (चाकं समोरून आत-बाहेर किती वळलीत ते) बघून सोडून देणारा नको. कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती कललंय ते), कॅस्टर, टो, तिन्हीचा आधीचा आणि नंतरचा कागद मागून घ्या.

एका मुद्द्यावर मात्र "पाना अठरा" काकांशी थोडा मतभेद. बाहेरची रिम म्हणजे वाईटच असं नाही. आठ इंची, ऑफसेट वीसच्या वरची रिम घेतली तर फार बिघडत नाही, आणि आतल्या बाजूला अपर आर्मपासून थोडी जास्त जागा मिळते.

कायद्याचंही बोलून ठेवतो, कारण नंतर कोणी बोलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमावाला हाच धागा पकडेल. मडगार्डच्या बाहेर आलेला टायर पोलिसांच्या डोळ्यात लगेच भरतो, आणि पावसात तो मागच्या बाइकवाल्याच्या तोंडावर खडी आणि चिखल उडवतो. मला कायद्यापेक्षा या दुसऱ्या गोष्टीचं जास्त वाटतं. शहरात आपल्या दोन्ही बाजूंना सतत दुचाक्या असतात.

साइडवॉलवरचा लोड इंडेक्सही बघा. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, ११२ म्हणजे ११२०. तुम्ही पेट्या भरता, तेव्हा मूळच्यापेक्षा कमी आकडा अजिबात घेऊ नका. २६५/६० घेताना इथेच चूक होते, कारण त्यातले बरेच टायर ११० चे येतात.


पाना अठरा, भांडुप

घोडबंदर, आठ इंची आणि वीसच्या वरच्या ऑफसेटला माझीही ना नाही. माझं म्हणणं नऊ इंची, शून्यवाल्यांबद्दल होतं. पण मूळची रिम सरळ आहे, तडा नाही, तर याने रिमवर पैसे का घालावेत? तेच पैसे पाचव्या टायरला घालावेत.


राजापूरकर, मुलुंड

काका, मोजलं. गाडीखाली पुठ्ठा टाकून झोपलो आणि टॉर्च लावून चारही कोपरे बघितले.

पुढच्या बाजूला, बंपरकडे, दोन्हीकडे पस्तीसच्या वर आहे. मागच्या बाजूला उजवीकडे २६ मिमी, पण तिथे सगळ्यात जवळ आहे ते लायनर. डावीकडे २१ मिमी, आणि तिथे मडफ्लॅप धरणाऱ्या स्क्रूचं टोक आतून बाहेर आलेलं आहे. टोक उघडं आहे, टायरच्या दिशेला. डाव्या लायनरची एक क्लिपही गायब आहे, तिथून लायनर पोटासारखं पुढे आलंय. हाताने दाबलं तर आत जातं.

लोड इंडेक्स आताच्या टायरवर ११२ आहे. हे सगळं धरून २६५/६५ बसेल का? १९ मिमी लागणार आणि जागा २१, म्हणजे बसायला हवा ना?


पाना अठरा, भांडुप

शाब्बास, मोजमाप नीट घेतलंस. पण हिशेबात एक गोष्ट राहिली. तू मोजलंस ते झिजलेल्या टायरला. नव्या ऑल-टेरेनचा ट्रेड दहा-अकरा मिमी खोल असतो, तुझ्या टायरवर आता तीनेक उरला असेल. म्हणजे त्रिज्येत सात-आठ मिमी असेच गेलेत, आणि नवा टायर ते परत घेऊन येणार. १९ अधिक ८, सत्तावीस. शिवाय दहा मिमी रुंदी वाढली, त्यातली अर्धी बाहेर, तिचा वळताना दोन-तीन मिमीचा वाटा. म्हणजे तिसाच्या आसपास. डावीकडे तुझ्याकडे २१ आहेत. नऊ मिमी कमी पडतात, आणि हे गाडी उभी असताना. ऑल-टेरेनचे खांद्याचे ठोकळे पण चौकोनी असतात, तुझ्या रस्त्यावरच्या टायरसारखे गोल नसतात. ते आधी पोचतात.

२६५/६० ला हाच हिशेब: सहा अधिक आठ अधिक तीन, सतरा. २१ मध्ये बसतो, चार उरतात. काठावर, पण बसतो.

आता ते स्क्रूचं टोक. टायर काहीही घे, ते आजच काढ. लायनरला टायर घासला तर आवाज येतो, प्लास्टिक झिजतं, एवढंच. स्क्रूचं टोक टायरच्या खांद्यात रेघ ओढतं, दर वळणाला त्याच जागी. ते उलटं बसव, डोकं टायरकडे आणि टोक बाहेर, नाहीतर तिथे प्लास्टिकची पुश क्लिप लाव. गेलेली क्लिपही टाक. बघशील, एवढ्यानेच डाव्या बाजूला पाच-सहा मिमी मोकळे होतील आणि ती उजवीच्या बरोबरीला येईल.

मग २६५/६५ घालायचा झाला तर लायनर अजून मागे न्यावं लागेल. ते पत्रा न कापता होतं. क्लिपा काढायच्या, लायनर मोकळं करायचं, हीट गन फिरवत राहायची, एका जागी धरायची नाही, नाहीतर प्लास्टिक पांढरं पडून तडकतं. मऊ झालं की लाकडाच्या ठोकळ्याने मागच्या पोकळीत दाबायचं आणि थंड होईपर्यंत धरून ठेवायचं. दहा-पंधरा मिमी मिळतात. आत केबिनच्या पत्र्याची उभी शिवण दिसेल, तिच्यापर्यंत जाऊन थांब. ती हातोडीने चपटी करायचा सल्ला कोणी देईल. दिलाच तर नको म्हण. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, शिवणीवरचा रंग आणि सीलंट एकदा फुटला की गंज आतून केबिनमध्ये शिरतो आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मडफ्लॅप काढून टाकू नकोस. मागे सरकवता येतो, दोन नवी भोकं पाडून.

टायर बसले की तपासायची पद्धत: लायनरवर मागे-पुढे जाड खडू फिरव. पुढचं एक चाक उंच फुटपाथवर किंवा रॅम्पवर चढव म्हणजे ते दबेल, आणि तिथेच सावकाश पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. रिव्हर्समध्येही, हलका ब्रेक देऊन, कारण तेव्हा बुश दबतात आणि चाक दुसऱ्या दिशेला सरकतं. बऱ्याच गाड्या पुढे जाताना गप्प असतात आणि पार्किंगमध्ये मागे घेताना घासतात. मागे वजन भरूनही बघ. खडू कुठे पुसला ते बघ, टायरच्या खांद्यावर कुठे पांढरं आलं ते बघ. मग दुसरं चाक.

आता दोन्हीतलं काय घ्यायचं ते तू ठरव. माझं मत सांगतो. तुझा वापर बघता मी २६५/६० घेईन, लोड इंडेक्स ११२ किंवा वर मिळाला तरच, ट्रेड चांगला आणि साइडवॉल मजबूत. गिअर तेच राहतात, ब्रेक तेवढाच लागतो. २६५/६५ ने मीटर पाच टक्के मागे पडेल. मीटर बरोबर दाखवणारा असेल तर सी लिंकवर काटा ८० वर आणि गाडी ८४ ला. भरलेली गाडी घाटात चढताना गिअर एक खाली घ्यावा लागेल. एवढं करून कातळावर १९ ऐवजी सहा मिमी, म्हणजे तेरा मिमीचा फरक. त्या चरात तेरा मिमीने काही अडत नाही, तिथे चाक कुठून न्यायचं हे बघणाऱ्याचं चालतं. पण तुला उंचीच हवी असेल तर २६५/६५ चूक नाही, वर सांगितलेलं सगळं कर आणि घाल.

आणि एक, स्पेसर कोणत्या जाडीचा आहे ते बघितलंस का? जॅक लावून चाक पूर्ण लोंबू दे आणि अपर आर्म स्प्रिंगला टेकतोय का ते बघ. टेकत असेल तर टायर राहू देत बाजूला, आधी ते.


राजापूरकर, मुलुंड

स्पेसर २० मिमीचा निघाला. चाक लोंबवून बघितलं, आर्म आणि स्प्रिंगमध्ये बोट जातं, टेकत नाही. ड्राइव्ह शाफ्टचे बूटही बघितले, फाटलेले नाहीत. स्क्रू उलटा बसवला, क्लिप टाकली, डावीकडे आता २६ झालेत.

२६५/६० घेतोय. ११२ चा इंडेक्स असलेला शोधून ठेवलाय. स्टेपनीचं कोणीच नीट सांगितलं नाही, पाचवा घ्यायचा का? जुनी २५५ ची स्टेपनी अजून कोरी आहे.


घोडबंदर हायलक्स, ठाणे

पाचवा घ्याच. तुमचा फोर-बाय-फोर पार्ट-टाइम आहे, मधे डिफरन्शियल (वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही. एक चाक लहान आणि तीन मोठी असताना ४एच (फोर-व्हील, हाय) लावलंत तर पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात आणि ताण ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) येतो. शिवाय कोरा २५५ मागच्या अॅक्सलला लावला तर मागचा डिफरन्शियल सतत काम करत राहतो. नाइलाजाने लावावाच लागला तर टू-व्हीलमध्ये, सावकाश, पंक्चरवाल्यापर्यंत. कातळावर पंक्चर झालं तर तिथे फोर-व्हीलच हवं असतं, म्हणून सारखाच हवा.

२६५/६० बेडखाली बसतो का ते टायर घेतानाच दुकानात बघून घ्या. विंचला लावून पूर्ण वर ओढायचा आणि हाताने हलवायचा. खुळखुळला नाही पाहिजे, एक्झॉस्टपासून लांब राहिला पाहिजे.


पाना अठरा, भांडुप

बरोबर. आणि अलाइनमेंट टायर बसल्यावर कर, आधी नको. व्हील नट टॉर्क रेंचने आवळायला सांग, गनने ठोकून सोडू देऊ नकोस, आणि गावाला निघायच्या आधी मुलुंडमध्येच शंभरेक किलोमीटर फिरवून परत एकदा आवळून घे. पेट्या भरल्या की मागची हवा वाढव, किती ते दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलेलं आहे. आणि भरलेली गाडी रात्री घाटात आणायची असेल तर हेडलाइटचं बटन एक घर खाली कर. लेव्हल केलेल्या गाडीचे पाटे वजनाने दबले की नाक वर होतं आणि उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यात जातो.